नुसते प्रयोग करून भागत नाही, हे एका मास्तरांना कसं कळलं

फिजिक्सच्या टीचर्सना ट्रेनिंग द्यायचं म्हटलं की लोकांना वाटतं, मुलांना प्रयोग करू द्या, झालं काम. अमेरिकेत हे आधीच करून झालं होतं. 1956 ला एमआयटीत जेरोल्ड झकारायस या फिजिक्सच्या प्रोफेसरांनी पीएसएससी नावाचा हायस्कूल फिजिक्सचा नवा, प्रयोगांवर भर देणारा कोर्स सुरू केला, पुढच्याच वर्षी रशियाचा स्पुटनिक उपग्रह उडाला, आपण मागे पडलो अशी अमेरिकेला धास्ती वाटली आणि मग काय, सरकारी पैसा धो धो आला, मास्तरांसाठी उन्हाळी वर्ग भरले.

पण खरी गोष्ट पुढची आहे. ॲरिझोनात माल्कम वेल्स म्हणून हायस्कूलचे मास्तर होते, लेक्चर सोडून प्रयोगांवरच शिकवणारे. तिथल्याच स्टेट युनिव्हर्सिटीत डेव्हिड हेस्टनिस आणि इब्राहिम हलून यांनी एक टेस्ट बनवली, 1985 ला छापून आली, त्यात आकडेमोड नाहीच, नुसते साधे प्रश्न, म्हणजे वर फेकलेल्या चेंडूवर कुठले फोर्स असतात वगैरे (भलेभले सांगतात की हाताचा जोर चेंडूत शिल्लक असतो! खरं तर हवेचा विरोध सोडला तर फक्त गुरुत्वाकर्षण). वेल्सनी ती आपल्या वर्गाला दिली आणि निकाल बघून हादरलेच, इतकी हातानं कामं करूनही डोक्यातलं जुनं तसंच.

मग त्यांनी हेस्टनिसकडे पीएचडी केली, 1987 ला संपली, आणि त्यातून 'मॉडेलिंग' पद्धत आली. बॅटरीवरची खेळण्यातली गाडी सोडायची, वेळ-अंतर मोजायचं, ग्राफ काढायचा, मग प्रत्येक ग्रुपनं तो व्हाइटबोर्डवर मांडायचा आणि बाकीच्यांनी भंडावून सोडायचं. मास्तर उत्तर देत नाही, फक्त विचारतो, हे कशावरून? आपल्याकडे प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल पूर्ण करून सही घेणं, त्यामुळे हे वाचून मला जरा हेवाच वाटला.

1990 च्या आसपास नॅशनल सायन्स फाउंडेशन या अमेरिकन सरकारी संस्थेच्या पैशातून उन्हाळी वर्कशॉप सुरू झाले, काही आठवड्यांचे, आणि त्यात टीचरनं स्वतः विद्यार्थी व्हायचं, तोच गाडीचा प्रयोग, तोच बोर्ड, त्याच चुका. मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण गप्प राहून प्रश्न विचारणं भाषणातून शिकवता येत नाही.

1998 मध्ये रिचर्ड हेक या फिजिक्सच्या प्रोफेसरांनी अशाच टेस्टमधले 6000 च्या वर विद्यार्थ्यांचे मार्क तपासले, हायस्कूलपासून युनिव्हर्सिटीपर्यंतचे. आधी जे येत नव्हतं त्यातलं लेक्चरवाल्या वर्गांत सरासरी 23 टक्के आलं, चर्चा-प्रयोगवाल्यांत 48.

2005 ला मॉडेलिंगवाल्या टीचर्सनी स्वतःची संघटना काढली, आता वर्गात शिकवणारे मास्तरच दुसऱ्या मास्तरांचे वर्कशॉप घेतात.