डिसेबल म्हणजे ‘बंद’ नव्हे: डिसेबल आणि मास्क यांतला फरक

लिनक्सवरची सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम, स्टॉप करा, डिसेबल करा नाहीतर मास्क करा, मराठीत बोलताना आपण तिन्हीला एकच म्हणतो: ‘बंद केली’. घोळ इथूनच सुरू होतो. बंद केलेली सर्व्हिस दोन दिवसांनी पुन्हा चालताना दिसते आणि मग ‘अपडेटनं परत चालू केली’, ‘सिस्टमडी आपलं ऐकतच नाही’ ही ठरलेली वाक्यं येतात. सिस्टमडीबद्दल, म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेबद्दल, माझ्याही तक्रारी आहेत, पण ही त्यांतली नाही. बहुतेक वेळा अपडेटनं काहीही केलेलं नसतं. तुम्ही नकार दिला असं तुम्हाला वाटत असतं, प्रत्यक्षात तो दिलेलाच नसतो.

स्टॉप आत्तापुरतं, डिसेबल पुढच्या बूटपासून, आणि ‘नाऊ’ हा पर्याय जोडला की दोन्ही एकदम. एवढं तुम्हाला माहीत असणार.

डिसेबल नेमकं काय करतं? एनेबल करताना, म्हणजे बूटला आपोआप सुरू व्हायला लावताना, सिस्टमडी युनिट फाइलमधला (सर्व्हिस, सॉकेट, टायमर अशा प्रत्येक ‘युनिट’चं वर्णन करणारी फाइल) ‘इन्स्टॉल’ हा भाग वाचतं आणि तिथं सांगितलेल्या टार्गेटच्या (एकत्र उठवायच्या युनिटांच्या गटाच्या) ‘वॉन्ट्स’ फोल्डरमध्ये एक सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलकडे बोट दाखवणारी लिंक, ठेवतं. बूट होताना ते टार्गेट आपल्या यादीतल्या सर्व्हिस उठवतं. डिसेबल केलं की ती सिमलिंक निघते, म्हणजे त्या यादीतून नाव कमी होतं. संपलं. ‘ही सर्व्हिस चालवू नकोस’ असं यात कुठंही म्हटलेलं नाही.

आणि उठवणारे पुष्कळ असतात. एखादं सॉकेट युनिट पोर्टवर कान लावून बसलेलं असतं, पहिलं कनेक्शन आलं की सर्व्हिस उठते. ठरल्या वेळी उठवणारा टायमर असतो. फाइलवर नजर ठेवणारं पाथ युनिट असतं. डी-बसवरून, म्हणजे प्रोग्राम एकमेकांना निरोप देतात त्या वाटेवरून, कुणी हाक मारतं. हार्डवेअर जोडलं की हार्डवेअरची दखल घेणाऱ्या यूडेव्हचा नियम लागू होतो. दुसऱ्या एखाद्या युनिटनं ‘मला ही हवी’ असं लिहून ठेवलेलं असतं. यांतल्या कुणालाही सर्व्हिस एनेबल आहे की डिसेबल याच्याशी देणंघेणं नाही.

कंटेनर, म्हणजे वेगळे ठेवलेले प्रोग्राम, चालवणारं डॉकर घ्या. डॉकरची सर्व्हिस तुम्ही डिसेबल केलीत, मशीन रीबूट केलंत, खरोखर ती चालत नव्हती. मग सहज कंटेनरची यादी मागितलीत आणि डीमन, म्हणजे तीच सर्व्हिस, उठून बसला, कारण डॉकरचं सॉकेट युनिट एनेबलच होतं. डेबियन-उबुंटू या लिनक्स डिस्ट्रिब्युशनवर रोज अपडेट तपासणाऱ्या ‘एपीटी-डेली’चंही तसंच: लोक सर्व्हिसशी झगडत बसतात, आणि तिला रोज उठवणारा टायमर बाजूला सुखात चालू असतो.

सिस्टमडीच्या आधीच्या, जुन्या सिस्टम-फाइव्ह इनिटवर वाढलेल्यांना हे जास्त खटकतं, आणि त्यांचा राग मला पटतो. तिथं रनलेव्हलच्या (मशीन ज्या अवस्थेत सुरू करायचं तिच्या) फोल्डरमधली लिंक काढली की सर्व्हिस व्यवहारात बंदच व्हायची, कारण एरवी तिला उठवणारं सहसा कुणी नसायचं. 2010 साली सिस्टमडी आलं ते मुळी ‘गरज पडेल तेव्हा उठव’ ही कल्पना घेऊन. मे 2011 मध्ये फेडोरा 15 नं ते स्वीकारलं, 2015 च्या एप्रिलमध्ये डेबियन 8 आणि उबुंटू 15.04 नं. वागणूक बदलली तरी ‘डिसेबल’ हा शब्द जुनाच अर्थ मनात जागा करत राहिला. माझ्या मते हे नावच चुकलंय. ज्या शब्दातून मालकाला ‘नाही’ ऐकू येतं त्यानं ‘नाही’च करायला हवं होतं.

खरं ‘नाही’ म्हणजे मास्क. मास्क केलं की ‘/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम’मध्ये त्या युनिटच्या नावाची एक सिमलिंक तयार होते आणि ती ‘/डेव्ह/नल’ या कायम रिकाम्या फाइलकडे नेते. युनिट शोधताना ईटीसीतली फाइल पॅकेजनं ‘/यूएसआर/लिब’मध्ये ठेवलेल्या फाइलवर मात करते, त्यामुळे सिस्टमडीला ते युनिट रिकामं दिसतं आणि ते चालवायला साफ नकार मिळतो. टायमर, सॉकेट, डी-बस, खुद्द रूट, सगळ्यांना. पॅकेज अपडेट झालं तरी लिंक जागेवर राहते. म्हणूनच ‘यूएसआर’मधली युनिट फाइल डिलीट करा असा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो: पुढच्या अपडेटला ती फाइल परत येते आणि वाचणाऱ्याचा ‘आपलं काही चालत नाही’ हा समज आणखी घट्ट होतो.

मग सगळंच मास्क करायचं का? मुळीच नाही. आधी उठवणारा शोधा. सर्व्हिसच्या स्टेटसमध्ये ‘ट्रिगर्ड बाय’ अशी ओळ असते, तिथं सॉकेट किंवा टायमरचं नाव मिळतं. ‘लिस्ट-डिपेंडन्सीज’ला ‘रिव्हर्स’ जोडलं की कोणकोणत्या युनिटला ती हवी आहे तेही दिसतं. डॉकरला सर्व्हिस आणि सॉकेट दोन्ही डिसेबल केलेलं पुरतं, एपीटीला टायमर. मास्क राखून ठेवावं ते सॉफ्टवेअर बसवणाऱ्या-अपडेट करणाऱ्या पॅकेजकिटसारख्यांसाठी. त्याच्या युनिटला ‘इन्स्टॉल’ भागच नाही, स्थिती ‘स्टॅटिक’ दिसते, तिथं डिसेबल करून काहीही बदलत नाही, आणि ग्नोम सॉफ्टवेअर या अ‍ॅप-स्टोअरनं डी-बसवर हाक मारली की ते उठतं. सर्व्हर म्हणून ठेवलेल्या लॅपटॉपनं झोपू नये यासाठी स्लीप, सस्पेंड, हायबरनेट ही टार्गेट मास्क करणं हाही मास्कचा अगदी योग्य उपयोग.

दोन ठिकाणी पाय घसरतो. मास्क चालू असलेली सर्व्हिस थांबवत नाही, त्यासाठी इथंही ‘नाऊ’ लागतं. आणि युनिट तुम्ही स्वतः ईटीसीत लिहिलेलं असेल तर मास्क होतच नाही, ‘फाइल आधीच आहे’ असं उत्तर येतं, कारण लिंक ठेवायची जागा तुमच्याच फाइलनं अडवलेली असते. ती ‘/यूएसआर/लोकल/लिब/सिस्टमडी/सिस्टम’मध्ये हलवा, मग मास्क करा.

दुसऱ्या एखाद्या युनिटनं एखादं युनिट ‘रिक्वायर्स’नं (‘हे हवंच’) मागितलेलं असेल आणि तुम्ही ते मास्क केलंत, तर मागणारंही चालणार नाही. ‘वॉन्ट्स’ (‘असलं तर बरं’) असेल तर चालेल. सहा महिन्यांनी एखादी गोष्ट विनाकारण अडलेली दिसली, तर ‘लिस्ट-युनिट-फाइल्स’ला ‘स्टेट’ म्हणून ‘मास्क्ड’ देऊन यादी मागवा. त्यात काही नावं डिस्ट्रिब्युशननं स्वतः मास्क केलेलीही असतात, ती ओळखू येईपर्यंत अनमास्क करू नका.