विलोची जखम भरत नाही, कोंडली जाते

वीपिंग विलो, म्हणजे लोंबत्या फांद्यांचं विलो झाड. त्याची जाड फांदी कापली की कुणीतरी डांबर किंवा ऑइल पेंट घेऊन येतंच. उघडी जखम झाकली की लवकर भरेल, असा समज. पण झाडाची जखम भरून येतच नाही. आपल्या कातडीत खराब पेशींची जागा नव्या पेशी घेतात. लाकडात तशी सोय नाही. झाड कुजका भाग आतच कोंडतं आणि त्याच्या बाहेरून नवं लाकूड चढवत जातं. रंगाचा थर यात काही मदत करत नाही, उलट त्याखाली ओल धरून राहू शकते.

अमेरिकी वन विभागातले ॲलेक्स शायगो यांनी चेनसॉने खोडं उभी चिरून कूज कुठे थांबते ते पाहिलं आणि 1977 मध्ये चार भिंतींची कल्पना मांडली. ती मला वनस्पतिशास्त्रातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते.

पहिली भिंत कुजीला वर-खाली जाऊ देत नाही. लाकडातल्या जलवाहिन्या म्हणजे लांबलचक नळ्या, बुरशीला मोकळा रस्ता. शेजारच्या जिवंत पेशी बारीक छिद्रांतून फुगून नळीत शिरतात आणि ती बुजवतात. तरी ही भिंत सर्वांत कच्ची, म्हणून कूज उभ्या दिशेने लांबवर पसरते. दुसरी भिंत वाढवलयाच्या, म्हणजे लाकडात दर वर्षी चढणाऱ्या कड्याच्या, शेवटी बनलेल्या दाट पेशींची. ती गाभ्याकडची वाट अडवते. तिसरी काष्ठकिरणांची, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांची. ती कुजीला आडवं, खोडाभोवती पसरू देत नाही. या तिन्ही जुन्याच लाकडात असतात. चौथी मात्र जखम झाल्यावर कॅम्बियम, म्हणजे साल आणि लाकडामधला वाढणारा पातळ थर, नव्याने घडवतो. ती सर्वांत पक्की. जखमेच्या वेळचं लाकूड तिच्या आत, नंतरचं सगळं बाहेर. पोकळ बुंध्याचं झाड वर्षानुवर्षं हिरवंगार राहतं ते हिच्यामुळे.

विलो नेमका इथेच कमी पडतो. तो भराभर वाढतो, त्याचं लाकूड हलकं आणि कमकुवत असतं, आणि त्याला या भिंती फारशा पक्क्या घालता येत नाहीत. म्हणून त्याची छाटणी लहानपणीच करावी, फांदी 5 सेंटिमीटरपेक्षा जाड व्हायच्या आत. वेळ हिवाळ्याच्या अखेरीची, पानं गळलेली आणि डोळे फुटायचे असताना. तेव्हा फांद्यांची रचना स्पष्ट दिसते आणि थोड्याच दिवसांत कॅम्बियम कामाला लागतो. एका वेळी फांद्या-पानांच्या पसाऱ्याचा पाव भागापेक्षा जास्त हिस्सा काढू नये. झाड वरून सरसकट बोडकं करणं तर टाळाच: कापल्या जागी फुटव्यांचा झुपका येतो, त्यांची पकड वरवरची असते आणि ते वाऱ्याने निखळतात.

फांदी खोडाला मिळते तिथे थोडा फुगवटा असतो, त्याला कॉलर म्हणतात. संरक्षण करणारा भाग तिथेच असतो. कापायचं ते कॉलरच्या लगेच बाहेर. खोडाला घासून नाही आणि खुंट ठेवूनही नाही. जड फांदीला आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून अर्धवट काप द्या, मग थोडं पुढे वरून कापून तिचं वजन उतरवा आणि उरलेला खुंट शेवटी काढा. खालचा काप दिला नाही तर फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते.

लोंबत्या फांद्यांमुळे हे झाड शोकाचं मानतात, दारात नको म्हणतात. या लांब, बारीक डहाळ्या स्वतःचं वजन पेलून ताठ उभ्या राहत नाहीत, त्यात दुःखाचा संबंध नाही. हे झाड घरापासून लांब हवं ते वेगळ्या कारणांनी: पाण्याच्या शोधात त्याची मुळं गळक्या पाइपात शिरतात आणि वादळात फांद्या मोडतात.

पुढच्या वाढीच्या हंगामानंतर कापलेली जागा पाहा. कडेने सगळीकडून सारखं, गोल कडं आलं असेल तर काप योग्य जागी बसला. कडं फक्त दोन्ही बाजूंना आलं आणि वर-खाली जागा उघडी राहिली, तर कॉलर कापली गेली आहे.