रिमास्टर की रिमिक्स? क्वीनच्या पाच डेमोंची दोन रूपं

आपल्याकडे ‘रिमिक्स’ म्हटलं की वरातीतला डीजे आठवतो. जुनं गाणं, खाली धडाधड ठोका, मध्येच कुणीतरी इंग्रजीत बडबडणार. त्यामुळे जुन्या रॉक अल्बमवर ‘२०२४ मिक्स’ असं लिहिलेलं दिसलं की भलेभले नाक मुरडतात, आणि शेजारच्या सीडीवर ‘रिमास्टर’ असेल तर ती निर्धास्त उचलतात. प्रत्यक्षात या दोन शब्दांमागे पूर्ण वेगळी कामं आहेत. सुदैवाने एकाच बँडच्या त्याच पाच डेमोंवर, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांना ऐकवायच्या नमुना रेकॉर्डिंगवर, ही दोन्ही कामं झालेली आहेत.

बँड म्हणजे इंग्लंडचा रॉक बँड क्वीन. त्यातला गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, पियानो शिकला आणि ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये वाजवू लागला, हे आपल्याकडे कौतुकाने सांगितलं जातंच. आपली गोष्ट मात्र १९७१ सालची, लंडनमधल्या वेम्बलीतली. डी लेन ली हा स्टुडिओ तिथे नव्या जागेत थाटला जात होता. नवी यंत्रं नीट चालतात का, एका खोलीतला आवाज दुसरीत जातो का, हे तपासायला जोरात वाजवणारं कुणीतरी हवं होतं. क्वीनकडे पैसे नव्हते, पण जोरात वाजवणं जमत होतं. त्या बदल्यात लुई ऑस्टिन या इंजिनिअरने त्यांची पाच गाणी फुकट रेकॉर्ड केली: ‘कीप युअरसेल्फ अलाइव्ह’, ‘द नाइट कम्स डाउन’, ‘ग्रेट किंग रॅट’, ‘जीझस’ आणि ‘लायर’. हीच गाणी घेऊन पोरं रेकॉर्ड कंपन्यांचे उंबरठे झिजवणार होती.

आता थोडं यंत्राकडे. स्टुडिओत आधी भरते ती मल्टिट्रॅक टेप. एकाच रुंद टेपवर ड्रम, बेस, गिटार, गळा यांच्या वेगवेगळ्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात. इंजिनिअर प्रत्येकाचा आवाज कमी-जास्त करतो, कुणाला डावीकडे बसवतो, कुणाला थोडा घुमारा देतो आणि सगळं मिळून दोन ट्रॅकवर ओततो. हे मिक्स. मग त्या तयार मिक्सचा पोत आणि एकूण आवाज ठीकठाक करून ते तबकडी कापण्याजोगं करायचं, हे मास्टरिंग. मिसळीची प्लेट समोर आली की वरून तर्री ओता, लिंबू पिळा, फरसाण वाढवा. तिथवर मास्टरिंगची हद्द. मटकी कच्ची राहिली असेल तर आत जावं लागतं आणि पुन्हा पातेलं चढवावं लागतं. ते मिक्सिंग.

म्हणून रिमास्टर करणाऱ्याला फक्त एकत्र झालेला आवाज हाताळता येतो. झांज जरा चकचकीत करायला उंच सुरांचा आवाज वाढवला, की गायकाचा ‘स’सुद्धा तितकाच धारदार होतो. इलाज नाही.

या पाच डेमोंचं पहिलं अधिकृत रूप आलं २०११ साली, क्वीनच्या पहिल्या अल्बमच्या नव्या आवृत्तीसोबत. तोवर ते चोरट्या तबकड्यांवर फिरत होते. यासाठी आवाज घेतला तो गिटारवादक ब्रायन मेने जपून ठेवलेल्या ॲसिटेटवरून. ॲसिटेट म्हणजे काय, हे समजलं की २०११ची रूपं कानाला तशी का लागतात ते कळतं. ही साच्यातून दाबून काढलेली तबकडी नसते. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर असतो, त्यात यंत्राची सुई थेट खाच कापत जाते आणि कापलेल्या थराचा काळा, केसासारखा धागा बाजूला निघत राहतो. लगेच घरी नेऊन वाजवता येते, कंपनीच्या साहेबाला ऐकवता येते. पण थर मऊ. दर वेळी ग्रामोफोनची सुई त्यातलं थोडं खरवडून नेते, आणि आधी जातात ते बारीक, उंच सूर.

अशा तबकडीवरची टकटक काढणं हे किचकट काम आहे. पडद्यावर आवाजाची लाट मोठी करून पाहिली तर प्रत्येक ‘टक’ म्हणजे काट्यासारखा उभा सुळका, सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा. तो खोडायचा आणि आजूबाजूची लाट पाहून मधली फट भरायची. अडचण एवढीच की ड्रमवर काठी पडते त्या क्षणाचा सुळकाही जवळजवळ तसाच दिसतो. आमच्या घरच्या एका बैठकीची कॅसेट मी एका दुकानात ‘साफ’ करायला दिली होती. खरखर गेली खरी, पण तबल्याची चाट पण गेली. तबलजी रजई पांघरून वाजवतोय असं वाटत होतं. थोडी खरखर राहू देणारा माणूस तेव्हापासून मला जास्त जाणकार वाटतो.

दुसरं रूप ऑक्टोबर २०२४चं. क्वीनने पहिला अल्बम ‘क्वीन वन’ या नव्या नावाने, मोठ्या पेटीत (बॉक्स सेटमध्ये) काढला. त्यातल्या एका सीडीवर तेच पाच डेमो आहेत, पण २०२४च्या मिक्समध्ये. मिक्स नवं करायचं तर तयार तबकडीच्याही मागे, पट्ट्या अजून सुट्या असतील तिथवर जावं लागतं.

पेटीचं मुख्य काम होतं अल्बमचं. १९७२ साली ट्रायडंट स्टुडिओत, गिऱ्हाइकांच्या मधल्या रिकाम्या वेळात, पुष्कळदा रात्री-अपरात्री ते रेकॉर्डिंग झालं. तिथल्या ड्रमच्या खोलीत आवाज कोरडा, बसका यायचा आणि बँडला तो कधीच रुचला नाही. १९७३च्या अल्बमवर तोच छापला गेला. म्हणूनच मे यांनी स्पष्ट म्हटलं की हा नुसता रिमास्टर नाही, पुनर्बांधणी आहे. वादन १९७३च्या अल्बमवरचंच, पण प्रत्येक वाद्याचा आवाज तेव्हा हवा होता तसा नव्याने बसवलेला. असा दोष रिमास्टरने जाणं शक्यच नव्हतं.

गंमत ‘द नाइट कम्स डाउन’ची आहे. ट्रायडंटमध्ये ते पुन्हा वाजवून पाहिलं, समाधान झालं नाही, आणि शेवटी अल्बमवर डी लेन लीचंच रेकॉर्डिंग गेलं. डेमो म्हणजे कच्चं आणि अल्बम म्हणजे पक्कं, हा हिशोब इथे गडबडतो.

मल्टिट्रॅक मुळात नसेलच तर? बीटल्स या बँडच्या जॉन लेननने सत्तरच्या दशकाच्या शेवटी घरी साध्या कॅसेटवर भरलेल्या ‘नाऊ अँड देन’च्या डेमोत गळा आणि पियानो एकजीव झालेले होते, वर विजेची घूंघूं. १९९५मध्ये राहिलेल्या तीन बीटल्सनी प्रयत्न करून ते सोडून दिलं. पुढे संगणकाला आवाज ओळखायला शिकवून गळा वेगळा काढता आला आणि नोव्हेंबर २०२३मध्ये गाणं बाहेर पडलं. म्हणजे मिसळीतून मटकी वेचायचं यंत्रही आता आलंय. ते जपून वापरावं, एवढं खरं.

माझा कल विचाराल तर अल्बमसाठी २०२४चं मिक्स बिनदिक्कत घ्या, ते ड्रम एकदा ऐकाच. डेमोंसाठी मात्र मी २०११कडे जातो. नवं मिक्स उघडं, ऐसपैस आहे, पण त्यातले निर्णय आजच्या माणसांचे आहेत. त्या काळी कंपनीच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने ऐकलं ते ॲसिटेटवरचं मिक्स, आणि त्यावरच त्याने होय-नाही ठरवलं. दोन्हींतलं ‘लायर’ लागोपाठ लावा, हेडफोन घालून. आधी जुनं.