वर्ट : पाण्याचा हिशेब आणि निववणे

मोड आणून वाळवलेले जव म्हणजे मॉल्ट. ते भरडून गरम पाण्यात ठेवले की स्टार्चची साखर होते; गाळून निघणाऱ्या या गोड रसाला वर्ट म्हणतात. हॉप्स (कडवटपणा आणि सुवास देणारी एका वेलीची फुले) घालून उकळलेला वर्ट निववून त्यात यीस्ट सोडले की बिअर तयार होऊ लागते. तयार मॉल्ट अर्क न वापरता थेट धान्यापासून घरी बिअर करायची, तर सुरुवातीला पाणी किती घ्यायचे आणि शेवटी वर्ट किती लवकर निववायचा, यावर बरेच काही ठरते. बेळगाव सीमाभागात दोन्ही प्रश्न पाण्यापाशीच येतात. शहराला राकसकोप व हिडकल जलाशयांचे पाणी मिळते, तरी अनेक वस्त्यांत नळाला रोज पाणी सुटत नाही. (कर्नाटक अबकारी अधिनियम, १९६५ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करण्यास मनाई आहे.)

पाण्याचा हिशेब शेवटाकडून मागे मांडावा. आंबवणीच्या पिंपात २० लिटर वर्ट हवा आणि ५ किलो मॉल्ट आहे असे धरू. भांड्याच्या तळाशी गाळासोबत २ लिटर राहतो, म्हणजे उकळी संपल्यावर थंड मापाने २२ लिटर हवा. उकळता वर्ट निवताना सुमारे ४ टक्के आकसतो, म्हणून गरम माप २३ लिटर. तासाभराच्या उकळीत ४ लिटर आटला, तर उकळीआधी २७ लिटर हवा. मॉल्टचा चोथा किलोमागे साधारण १ लिटर पाणी धरून ठेवतो. ते ५ लिटर आणि गाळणीखाली अडकणारा १ लिटर मिळवला की एकूण ३३ लिटर. यातले १५ लिटर ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या भिजवणीसाठी, उरलेले १८ लिटर चोथ्यात राहिलेली साखर धुऊन काढण्यासाठी. धुण्याचे पाणी ७७ अंशांपुढे जाऊ नये, नाहीतर टरफलातला तुरटपणा उतरतो.

या सगळ्यात सर्वांत फसवा आकडा आटण्याचा. गुऱ्हाळावरच्या काहिलीप्रमाणे इथेही भांड्याचे तोंड आणि जाळ यांवर सारे अवलंबून असते, म्हणून दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबू नये. एका लाकडी पट्टीवर लिटरागणिक खाचा पाडाव्यात, त्याच भांड्यात नुसते पाणी तासभर उकळावे आणि पातळी किती खाच उतरली ते पाहावे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असल्याने इथे पाणी ९७–९८ अंशांनाच उकळते. त्यामुळे हॉप्सचा कडवटपणाही किंचित कमी उतरतो.

नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे बिअरला औषधासारखा वास येतो. त्यावर चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (क्लोरीन घालवणारी पूड) पुरते.

वर्ट गरम राहिला तर त्यात शिजलेल्या मक्यासारखा वास देणारे डायमिथाइल सल्फाइड बनत राहते, आणि कोमट झाल्यावर जिवाणूंचे फावते. लवकर निववला की प्रथिने गुठळून तळाशी बसतात व बिअर नितळ होते. एल (तुलनेने उबेत आंबवली जाणारी बिअर) प्रकारच्या यीस्टसाठी १८ ते २० अंश हवेत. तांब्याच्या नळीचे वेटोळे उकळी संपण्याआधी १५ मिनिटे भांड्यात सोडावे, म्हणजे ते निर्जंतुक होते. मग त्यातून पाणी खेळवत वर्ट हळूहळू ढवळत राहावे. न ढवळल्यास नळीलगतचाच थर निवतो.

पण वेटोळ्यातले पाणी स्वतः जितके गार, त्याखाली वर्ट उतरत नाही. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी चांगलेच तापलेले असते, त्यापेक्षा विहिरीचे पाणी बरे. म्हणून इथे दोन टप्प्यांची पद्धत सोयीची. आधी साध्या पाण्याने वर्ट ३५ अंशांपर्यंत आणावा, मग बादलीत बर्फपाणी करून छोट्या पंपाने तेच वेटोळ्यातून फिरवावे. २२ लिटर वर्ट ३५ वरून २० अंशांवर आणायला हिशेबाने ३ किलोहून थोडा जास्त बर्फ लागतो. वाया जाणारा गारवा धरून ५ किलो घ्यावा. सुरुवातीपासूनच बर्फ वापरणे मात्र निव्वळ उधळपट्टी आहे. वेटोळ्यातून प्रथम बाहेर पडणारे पाणी कढत असते. ते भांडी धुण्यासाठी वेगळे धरावे, नंतरचे हौदात सोडावे.

पाणी अगदीच कमी असेल तर ऑस्ट्रेलियात रुळलेली, न निववण्याची पद्धत आहे. कढत वर्ट उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये काठोकाठ भरून बूच घट्ट लावतात आणि रात्रभर आपसूक निवू देतात. वर्ट बराच वेळ गरम राहिल्याने हॉप्सचा कडवटपणा वाढतो, म्हणून शेवटचे हॉप्स उशिरा घालावेत. वर्टची आम्लता बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जिवाणू रोखण्याइतकी नसते. दुसऱ्या दिवशी यीस्ट सोडावेच, कॅन साठवून ठेवू नये.