हिवाळ्यात भिंतीकडे तोंड करून फिरणारा पंखा

आमच्या अमळनेरच्या घरी आप्पा डिसेंबरातसुद्धा टेबल फॅन लावून झोपतात. फॅनचं तोंड भिंतीकडे, अंगावर दोन गोधड्या, कानाला मफलर. वारा नकोच असतो त्यांना, आवाज हवा असतो. मागच्या हिवाळ्यात साडू मुक्कामाला होते, त्यांनी रात्री अकराला उठून तो फॅन बंद केला, बहुतेक आमच्या लाईटबिलाच्या काळजीनं, आणि पाच मिनिटं झाली नसतील तर आप्पा अंधारातून ओरडले, "पंखा बंद नको करू भो, माले झोप येत नही."

सकाळी चहावर साडूंनी निदान करून टाकलं. मेंदूच्या नसांची कमजोरी. पुरावा म्हणून फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्डही टाकला, की ज्याला झोपायला आवाज लागतो त्याचं मन अशांत असतं, खरी झोप फक्त संपूर्ण शांततेत लागते. खाली नऊ जणांचे हात जोडलेले. मी फिजिक्सवाला माणूस, मी ग्रुपवर लांबलचक उत्तर लिहिलं, ते कोणी वाचलं नाही, म्हणून आता इथं लिहितो.

पहिली गोष्ट, संपूर्ण शांतता नावाचा प्रकार आपल्या कानाला मिळतच नाही. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकू व्यवस्थित येणाऱ्या ८० लोकांना एकेक करून साउंडप्रूफ खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतंय ते विचारलं, तर ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं, कुणाला शिट्टी, कुणाला गुणगुण, कुणाला रातकिडे. बाहेर काहीच नसलं की आतलं ऐकू यायला लागतं. कान वाजण्याचा त्रास असणाऱ्यांना रात्री जास्त छळ होतो तो ह्याच्यामुळेच, दिवसा तो आवाज इतर आवाजांत बुडून गेलेला असतो.

आणि खान्देशातल्या माणसाला तर शांततेची सवय लागणार कधी? एप्रिल ते जून पारा पंचेचाळीसच्या आसपास, घरोघर पत्र्याचे कूलर, त्यात लाकडाच्या बारीक छिलक्यांचं गवत, खाली पंप, आणि आवाज असा की शेजारच्या खोलीत ट्रॅक्टर उभा आहे. त्या आवाजात आमच्या दोन पिढ्या झोपून मोठ्या झाल्या. रात्री दोनला लाईट गेली की कूलरचं पातं घरघरत थांबतं आणि सगळी गल्ली जागी. उकाड्यानं उठतात हे खरंच आहे, पण मग डिसेंबरात आप्पा का उठले, तेव्हा तर अंगावर दोन गोधड्या होत्या.

आता थोडं गणित, घाबरू नका, दहावीचंच आहे. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि डेसिबलची पट्टी लॉगची असते, म्हणजे १० डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती १० पट, २० वाढले की १०० पट. त्यामुळे डेसिबलची बेरीज साधी नसते. समजा रात्रीची शांत खोली ३० डेसिबल, आणि गल्लीतलं कुत्रं भुंकलं की उशीपाशी ५५ पोचतात. ३० वरून ५५, म्हणजे २५ ची उडी, शक्तीच्या भाषेत तीनशेपटीहून जास्त. आता ५५ डेसिबलचा कूलर लावा आणि तेच कुत्रं तेवढंच भुंकू द्या. ५५ आणि ५५ किती? ११० नाही, ५८. कारण शक्ती दुप्पट झाली आणि दुपटीचे डेसिबल ३ च होतात. म्हणजे उडी २५ ची होती ती ३ वर आली. कुत्रं तेच, गल्ली तीच, खोलीत एकूण आवाज उलट वाढलाय, आणि तरी माणूस घोरतोय. आकडे मी अंदाजे धरलेत, पण मुद्दा तोच राहतो, झोप मोडतो तो आवाजातला फरक.

हे नुसतं कागदावरचं नाही. २००५ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला, आयसीयूमधले आवाज रेकॉर्ड करून निरोगी लोकांना झोपेत ऐकवले, एकदा तसेच आणि एकदा मागं व्हाईट नॉईज, म्हणजे बिनसुराची एकसारखी सरसर, लावून. नॉईज असताना लोक कमी वेळा जागे झाले, आणि जाग येणं हे आवाज किती मोठा होता याच्यापेक्षा मागच्या आवाजाहून तो किती वर गेला याच्यावर अवलंबून निघालं. माणसं मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच होती, हे सांगितलं पाहिजे.

आता माझा आवडता भाग. कुठलाही मोठा आवाज कुठल्याही छोट्या आवाजाला झाकत नाही. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक गुंडाळी असते, तिच्या आत लांबलचक पडदा. त्या पडद्याचं एक टोक बारीक, किनऱ्या आवाजाला हलतं, दुसरं टोक जाड, खर्जातल्या आवाजाला, आणि मधली प्रत्येक जागा आपापल्या फ्रीक्वेन्सीला (आवाज सेकंदाला किती वेळा थरथरतो तो आकडा, हर्ट्झमध्ये मोजतात). हे शोधून काढलं गेऑर्ग फॉन बेकेशी यानं, बुडापेस्टच्या पोस्टखात्याच्या प्रयोगशाळेत टेलिफोनवर काम करता करता तो कानाच्या मागं लागला, मेलेल्या माणसांचे कान उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसला, आणि १९६१ चं नोबेल घेऊन गेला.

मग १९४० मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमधल्या हार्वे फ्लेचरनं एक प्रयोग मांडला. एक बारीक शिट्टी घ्यायची आणि तिच्या आसपासच्या फ्रीक्वेन्सींची सरसर मागं लावायची. सरसरीचा पट्टा हळूहळू रुंद करत गेलं तर शिट्टी ऐकू येणं अवघड होत जातं, अवघड होत जातं, आणि एका रुंदीनंतर एकदम फरक पडायचा थांबतो. पट्टा आणखी कितीही रुंद करा, शिट्टी तेवढीच ऐकू येते. म्हणजे काय, तर कान आवाज सगळा एकत्र ऐकत नाही, तो खिडक्यांमध्ये वाटून घेतो. एसटी स्टँडवर समजा चोवीस खिडक्या आहेत, प्रत्येकीची रांग वेगळी. तीन नंबरच्या खिडकीवर कितीही झुंबड असू दे, तुम्ही नऊ नंबरवर एकटेच उभे असाल तर आतल्या माणसाला स्पष्ट दिसणार. लपायचं असेल तर नऊ नंबरलाच गर्दी हवी. कानात अशा खिडक्या खरंच साधारण चोवीस धरतात, आणि १००० हर्ट्झच्या जवळच्या खिडकीची रुंदी १६० हर्ट्झच्या आसपास भरते. फ्लेचरच्या त्या शिट्टीला तिच्याच खिडकीतली गर्दी झाकत होती, बाकीची सगळी गर्दी फुकट.

आता आप्पांच्या फॅनकडे या. तीन पाती, मिनिटाला साधारण तेराशे फेऱ्या धरा, १३०० गुणिले ३ भागिले ६०, म्हणजे ६५ हर्ट्झ. ही फॅनची गुणगुण. ती पहिल्या एकदोन खिडक्यांतच अडकून पडते, कुत्र्याचं भुंकणं त्याच्या कितीतरी वरच्या खिडक्यांत येतं, तिथं ही गुणगुण काय झाकणार. (खर्जातला आवाज खूप मोठा असला तर वरच्या खिडक्यांतही घुसतो, उलटं मात्र सहसा होत नाही, पण टेबल फॅनची गुणगुण काही एवढी मोठी नसते.) झाकतो तो फॅनचा दुसरा आवाज. जाळीवर आणि पात्यांच्या कडेला हवा फाटते, भोवरे पडतात, आणि त्या भोवऱ्यांचा काही एक सूर नसतो, सगळ्या फ्रीक्वेन्सी थोड्या थोड्या त्यात असतात. सगळ्या खिडक्यांवर थोडी थोडी गर्दी. कूलरमध्ये वर पाण्याची धार गवतावर पडते, म्हणजे आणखीनच छान. केळीच्या बागेत वारा सुटला की फाटक्या पानांची सळसळ होते, तीही ह्याच जातीची. याउलट फ्रीज नुसता गुणगुणतो, म्हणून फ्रीजच्या आवाजावर झोपणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

जाता जाता, पाल चुकचुकणं आणि टिटवी ओरडणं हे आमच्याकडे अपशकुन. फॅन चालू असल्यामुळे आमच्या घरात गेल्या पंधरा वर्षांत रात्री पाल चुकचुकलेली कोणी ऐकलेली नाही. पाली भरपूर आहेत. बरंवाईट जे व्हायचं ते शेजाऱ्यांच्या इतकंच झालं.

कानाचं झालं, आता मेंदू. झोपेत कान बंद होत नाहीत, डोळ्याला पापणी आहे तशी कानाला नाही. पण कानाची नस गमतीची आहे, आवाज सुरू झाला की पहिल्या काही मिलिसेकंदात ती धडाधड संदेश पाठवते आणि आवाज तसाच चालू राहिला की तिचा वेग पडतो. पुढं मेंदूतही तेच, एकसारखं येणारं काही असलं की त्याची नोंद कमी कमी होत जाते आणि साच्यात न बसणारं काही आलं की लगेच उसळी. फिनलंडच्या रिस्तो नातानेन यानं १९७८ मध्ये ही उसळी मेंदूच्या लहरींमध्ये दाखवली, माणूस लक्ष देत नसला तरी ती उमटते. शिवाय झोपेत मेंदूच्या मध्याशी असलेला थॅलॅमस नावाचा भाग अधूनमधून ११ ते १५ हर्ट्झच्या छोट्या लहरींचे झुबके सोडतो, स्पिंडल म्हणतात त्यांना, तेवढ्या वेळापुरतं बाहेरचं आत पोचणं कमी होतं. २०१० मध्ये हार्वर्डच्या लोकांनी दाखवलं की ज्यांच्या झोपेत स्पिंडल जास्त त्यांची झोप आवाजानं कमी मोडते. म्हणजे एकाच खोलीत झोपलेल्या दोघांपैकी एक उठतो आणि एक उठत नाही, यात मनाच्या अशांततेचा काही संबंध नाही, साडू वाचत असतील तर वाचा.

उसळी आवाज सुरू झाल्यावर येते तशी थांबल्यावरही येते. माझे आजोबा उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, झोपायचे, गावात तेव्हा कूलर नव्हते, होते ते रातकिडे. ते सांगायचे की रातकिडे गप्प झाले की मी उठून बसतो. पायांची चाहूल लागली की रातकिडा थांबतो, म्हणजे शेताच्या बाजूनं कोणीतरी येतंय. माणूस असेल, कोल्हा असेल. चालू असलेला आवाज म्हणजे सगळं ठीक, अचानक शांतता म्हणजे गडबड. कूलर थांबल्यावर गल्ली उठते त्यात आणि ह्यात मला तरी काही वेगळं दिसत नाही.

भुसावळला माझे मामा रेल्वे लाईनला लागून राहतात. जंक्शन, रात्रभर गाड्या, पाहुण्याला डोळा लागत नाही आणि मामा आडवे झाले की संपलं. मार्च २०२० मध्ये पॅसेंजर गाड्या बंद झाल्या तेव्हा मामींनी फोनवर सांगितलं, आठ दिवस झाले, हे रात्री तीनला उठून बसताहेत आणि विचारताहेत, गाडी गेली का. पण एक आहे, सवय झाली म्हणजे शरीराला काहीच कळत नाही असं नाही. आवाजानं जाग आली नाही तरी नाडीचे ठोके क्षणभर वाढतात आणि ते वाढणं वर्षानुवर्षांच्या सवयीनंही पूर्ण जात नाही. गाडी येते, जाते, म्हणजे चढउतार. फॅन येत-जात नाही.

म्हणून टीव्ही किंवा मोबाईलवर रील चालू ठेवून झोपणं ही वेगळी गोष्ट आहे, त्याला ह्या लेखाचा पाठिंबा नाही. बोलणं म्हणजे नुसता बदलच बदल. १९६० मध्ये इयान ऑस्वाल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या लोकांना नावांची यादी ऐकवली, तर स्वतःचं नाव आलं की झोपेतच मेंदूच्या लहरींमध्ये मोठी उसळी दिसली. झोपेतही कोणीतरी आत हजेरी घेत बसलेलं असतं. त्याच्यासमोर रात्रभर सिरियल लावून ठेवू नका.

आता बाजार. व्हाईट नॉईज, पिंक नॉईज, ब्राऊन नॉईज, आठ आठ तासांचे व्हिडिओ. व्हाईटमध्ये सगळ्या फ्रीक्वेन्सींना सारखी शक्ती, पिंकमध्ये फ्रीक्वेन्सी दुप्पट झाली की शक्ती ३ डेसिबल घटते, ब्राऊनमध्ये ६. ब्राऊन हा रंगही नाही, रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतीवाल्याचं आडनाव आहे ते, परागकणांतून निघालेले बारीक कण पाण्यात थरथरताना त्यानं पाहिले होते. इथपर्यंत ठीक. पण ५२८ हर्ट्झनं डीएनए दुरुस्त होतो आणि ४३२ हर्ट्झ ही विश्वाची फ्रीक्वेन्सी आहे हे सगळं थोतांड आहे. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा, आणि सेकंद माणसानं ठरवलेला आहे, विश्वाला तो माहीत नाही. नॉईजनं झोप सुधारते का ह्यावरच्या ३८ अभ्यासांचा आढावा २०२१ मध्ये निघाला, त्यात पुरावा एकूण कच्चाच निघाला. म्हणजे झाकण्याचं फिजिक्स पक्कं आहे, औषध म्हणून कोणी विकत असेल तर खिसा सांभाळा.

लहान बाळांचं जरा जपून. १९९० मध्ये लंडनला काही दिवसांच्या ४० बाळांवर प्रयोग झाला, व्हाईट नॉईज लावलेल्यांपैकी ८० टक्के पाच मिनिटांत झोपली, बिननॉईजची २५ टक्के. आपल्या आज्या शू शू करून हेच करतात. पण २०१४ मध्ये बाळांसाठीची अशी १४ यंत्रं तपासली तेव्हा पूर्ण आवाजात, ३० सेंटीमीटरवर, तीन यंत्रं ८५ डेसिबलच्या वर गेली, एवढा आवाज कारखान्यात आठ तास असला तर अमेरिकेत कामगाराला कानाला लावायला बोळे द्यावे लागतात. यंत्र लांब ठेवा, हळू ठेवा. आपल्याकडच्या २००० सालच्या नियमात वस्तीत रात्रीची मर्यादाच ४५ डेसिबल आहे, आणि आमचा पत्र्याचा कूलर एकटाच ती ओलांडतो, हे मी आप्पांना सांगितलेलं नाही.

यंदा दिवाळीत मी आप्पांसाठी नवा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) फॅन आणला, वीज निम्मी, आवाज जवळपास नाही. तिसऱ्या दिवशी तो बॉक्समध्ये परत भरलेला दिसला. विचारलं तर म्हणाले, "तो चालू आहे का बंद, हे बघायलाच मी रात्री चारदा उठलो." जुना फॅन भिंतीकडे तोंड करून चालू होता. साडूंना फोटो पाठवलाय.