समासातला शेरा: ऑनलाइन लेखनवर्गाची पार्श्वभूमी

मार्च 2020मध्ये महाविद्यालयं बंद झाली आणि आम्हा शिक्षकांना एकाएकी ऑनलाइन शिकवावं लागलं. तेव्हा सगळं बोलणं कॅमेरा, नेटवर्क आणि हजेरी याच गोष्टींचं चाललं होतं. मी मराठी शिकवते आणि मला वेगळाच घोर होता: मुलांनी लिहिलेलं वाचायचं कसं, आणि वाचून त्यांना काय सांगायचं? हा प्रश्न माझ्या आधी पुष्कळांना पडला होता, हे मला पुढे कळलं. समोर नसलेल्या विद्यार्थ्याला लिहितं करण्याचा उद्योग पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे.

10 जानेवारी 1840 रोजी ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र पोचवणारी टपालसेवा सुरू झाली. तिचा फायदा घेऊन बाथ शहरातल्या आयझॅक पिटमन यांनी लघुलेखनाचे धडे टपालाने पाठवायला सुरुवात केली. (टायपिंग-शॉर्टहँडच्या क्लासांमुळे हे नाव आपल्याकडेही घरोघरी माहीत होतं.) विद्यार्थ्याने बायबलमधला उतारा लघुलिपीत उतरवून पाठवायचा आणि तो दुरुस्त होऊन त्याच्याकडे परत यायचा. माझ्या मते सगळी मेख या परतीच्या टपालात आहे. नुसता धडा पाठवणं हे काम पुस्तकही करतंच. 1873मध्ये बोस्टनला ॲना एलियट टिकनॉर यांनी घरी राहून शिकणाऱ्या स्त्रियांसाठी संस्था काढली, तीही शिक्षिका आणि विद्यार्थिनी यांच्यातल्या नियमित पत्रांवरच 1897पर्यंत चालली.

विद्यापीठांच्या भिंतीआड मात्र लेखन म्हणजे निबंधांचे गठ्ठे आणि लाल शाई, अशी रीत पडत गेली. हार्वर्डमध्ये 1885पासून पहिल्या वर्षाला लेखनाचा वर्ग सक्तीचा झाला. चूक दिसली की खूण करायची, गुण द्यायचे, पुढचा पेपर उचलायचा.

या रीतीला खरा धक्का दिला मिना शॉनेसी यांनी. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने 1970मध्ये शहरातल्या शाळांतून उत्तीर्ण होणाऱ्या सगळ्यांना दारं उघडली आणि घरात पहिल्यांदाच कॉलेजात आलेली हजारो मुलं वर्गात बसली. त्यांचं लिखाण पाहून कित्येक प्राध्यापक हबकले. तिथेच शिकवणाऱ्या शॉनेसींनी सुमारे 4,000 निबंध बारकाईने वाचले आणि 1977च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं, की या चुकांमागे काहीतरी संगती असते. मूल कुठलातरी नियम लावूनच चुकत असतं.

हे वाचताना मला माझी एक विद्यार्थिनी आठवली. ती घरी बोलते तसं ‘पानी’ लिहायची. शाळेत त्यावर इतक्या लाल रेघा पडल्या, की कॉलेजात येईपर्यंत ती ‘माझ्या जीवणात’ आणि ‘मणात’ लिहायला लागली होती. तिने नियम धरला होता, फक्त नको तिथे लावला होता. तिथे नुसती रेघ मारली तर ती आणखी बुजणार. कुठे ‘न’ आणि कुठे ‘ण’, हे तिच्याच वाक्यांतून तिच्यासमोर मांडावं लागलं.

1982मध्ये नॅन्सी सॉमर्स यांनी शिक्षकांचे शेरेच तपासायला घेतले. पुष्कळसे शेरे असे निघाले, की एका निबंधावरून उचलून दुसऱ्यावर चिकटवले तरी चालावेत. ‘अधिक स्पष्ट करा’ हा शेरा मीही वर्षानुवर्षं लिहीत आले आहे.

संगणकावरचा लेखनवर्ग कुठे आकाराला आला, हे मला फार मोलाचं वाटतं. वॉशिंग्टनच्या गॅलोडेट विद्यापीठात कर्णबधिर विद्यार्थी शिकतात. त्यांच्यातल्या अनेकांचं बोलणं खुणांच्या भाषेत चालायचं आणि इंग्रजी भेटायची ती गृहपाठापुरती. 1985मध्ये ट्रेंट बॅट्सन यांनी वर्गातले संगणक एकमेकांना जोडले आणि अख्खी चर्चा लिहून करायला लावली. लेखन ही शिक्षकाला दाखवायची वस्तू होती, ती मित्राला उत्तर देण्याची गोष्ट झाली.

दूरशिक्षणाचा प्रवाह समांतर वाहत होता. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात 1971मध्ये शिकवणं सुरू झालं, तेव्हापासून शिक्षकाने तपासून सविस्तर अभिप्रायासह परत पाठवलेला स्वाध्याय हा त्याचा कणा होता. आपल्याकडे 1985मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि 1989मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. नाशिकचे पहिले कुलगुरू राम ताकवले पुढे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. शिकायचं राहून गेलेल्या कितीतरी माणसांच्या हाती या विद्यापीठांमुळे पुन्हा पेन आलं.

2000च्या सुमारास कॅनडात गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी केवळ लिखित चर्चेवर चालणाऱ्या वर्गांचा अभ्यास करून सांगितलं, की विचार आणि आपसातला जिव्हाळा यांच्या जोडीला शिक्षक तिथे आहे हे जाणवावं लागतं. 2013मध्ये अमेरिकेतल्या लेखन-शिक्षकांच्या परिषदेने ऑनलाइन लेखनवर्गात 20पेक्षा जास्त विद्यार्थी नकोत, 15 असतील तर उत्तम, अशी शिफारस केली.

माझ्या तुकडीत 120 होते. मी बाराबाराचे दहा गट केले आणि निबंधाऐवजी एकच परिच्छेद मागितला, पण दोनदा. वहीच्या पानांचे फोटो फोनवर यायचे. एकात समासावर अंगठाच आलेला. पहिल्या खर्ड्यावर मी एका मिनिटाचा आवाजी निरोप पाठवायचे: मुलाचं नाव घेऊन, त्याचंच एक वाक्य वाचून, त्यावर एक प्रश्न विचारून. दुसरा खर्डा आठवड्यात यायचा. ‘जीवणात’ लिहिणाऱ्या मुलीच्या दुसऱ्या खर्ड्यात ‘जीवनात’ होतं, आणि खाली तिने मलाच विचारलं होतं, “मॅडम, मग ‘जाणीव’ला ण का?”