पगाराच्या तारखेआधीचे दिवस

घरखर्चाचा सल्ला देणारे हल्ली पगाराचे तीन वाटे करायला सांगतात. निम्मा गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के शिलकीला. हिशेब वाईट नाही, पण पगार ठरल्या तारखेला हातात पडतो हे त्यात धरूनच चाललेलं असतं. मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे कापड गिरण्यांच्या वस्तीत, तसं नव्हतं. अडचणीच्या काळात पैसा पुरवून वापरायची मुंबईतल्या मराठी कामगार घरांची रीत बरीचशी त्या उशिरातूनच घडली.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापड गिरण्यांत एका महिन्याची मजुरी पुढचा महिना अर्धा सरत आला की मिळे. कोकणातून किंवा घाटावरून नवा आलेला माणूस कामाला लागला, तरी पहिला पैसा दिसायला सहा आठवडे जात. तोवर खायचं काय? मग वाण्याकडे खातं उघडायचं, गाववाल्याकडून हातउसने घ्यायचे, नाहीतर पठाण सावकार गाठायचा. एकदा असा महिनाभर मागे पडलेला माणूस पुढे वर्षानुवर्षं मागेच राही, कारण पगार हातात येई तो आधीच्या खाण्याचे पैसे फेडायला. 1921-22 मध्ये मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले, तेव्हा जवळपास निम्मी घरं कर्जात निघाली. कामगार दारूत आणि लग्नात पैसे उडवतो, हे तेव्हाच्या शहाण्या लोकांचं आवडतं निदान. लग्नाचं कर्ज खोटं नव्हतं, पण तारखेचं कर्ज त्यांना दिसत नसे.

1936 च्या वेतन अदायगी कायद्याने तारीख बांधून दिली. हजाराहून कमी कामगार असतील तिथे पगार महिना संपल्यापासून सात दिवसांत, त्याहून मोठ्या कारखान्यात दहा दिवसांत. दरी अरुंद झाली, वाण्याची वही मात्र मिटली नाही. त्या उधारीवर व्याज लावलेलं कुठे दिसत नाही. ते भावात असतं, कधी मापातही असतं, आणि खातं असलेल्या बाईला तांदळात खडे निघाले तरी दुसऱ्या दुकानात जाता येत नाही.

या साखळीत सगळ्यात नाजूक जागी उभी होती खानावळवाली. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना ती महिन्याच्या बोलीवर जेवू घाली. समजा दहा माणसं जेवायला आहेत. तांदूळ, पीठ, रॉकेल आधी आणायचं, तेही उधारीवर, आणि पैसे मिळायचे गिरणीचा पगार झाल्यावर. शिमग्याला दोघे गावी गेले की त्यांचे खाडे धरायचे, पण आणलेला तांदूळ काही परत जात नाही. म्हणजे गिरणीमालक पगार उशिरा देई आणि त्या उशिराचं व्याज भरे चुलीपाशी बसलेली बाई. 1969 मध्ये 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, 1972 मध्ये गरिबांसाठी 4 टक्के व्याजाची कर्जयोजना आली, तरी ती योजना खानावळीपर्यंत आपोआप चालत आली नाही. गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या आणि पुढे मुंबईत कामगारांत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये खानावळवाल्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकेचं कर्ज घेणारा पहिला गट होता 14 जणींचा. तारण काहीच नसल्यामुळे एकमेकींची हमी हेच त्यांचं तारण.

अशीच हमी भिशीत असते. बारा जणी, दर महिन्याला प्रत्येकीचे शंभर रुपये, चिठ्ठी निघेल तिला बाराशे. चिठ्ठी पहिल्या महिन्यात निघाली तर ते बिनव्याजी कर्ज, शेवटच्या महिन्यात निघाली तर बिनव्याजी बचत. गणिती माणूस विचारेल, शेवटच्या बाईला यात काय मिळालं? महागाईच्या वर्षात तर ती तोट्यातच. पण घरात ठेवलेले शंभर रुपये कोणीही मागू शकतो, नवराही, दीरही. ‘भिशीचे आहेत’ म्हटलं की तो विषय तिथेच संपतो. मला भिशीचं खरं मोल या वाक्यात वाटतं.

1972 चा दुष्काळ आला, मागोमाग 1973 च्या अखेरीस जगभर तेल भडकलं. 1974 मध्ये महागाईचा दर 25 टक्क्यांच्या वर गेला. त्याच वर्षी सरकारने पगारवाढीची रक्कम आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीने ठेव म्हणून अडकवून ठेवला. बाजारात पैसा कमी खेळावा हा हेतू, आणि घरात व्हायचा तोच परिणाम झाला. रेशन मुंबईत 1943 पासून होतं, पण तेल, साखर, रॉकेल वेळेवर मिळेल तर ना! मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने निघालेल्या मोर्चांत बायका लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या.

मोर्चाने भाव किती उतरले हा वादाचा मुद्दा आहे. घराघरांत टिकून राहिलं ते एकत्र खरेदीचं वळण. कामगारांचं सहकारी दुकान म्हणून ‘अपना बाजार’ नायगावात 1948 लाच सुरू झालं होतं. 1975 मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने दुकानही वगळलं. शेजारपाजारची काही घरं मिळून एक संघ, महिनाभर आधी मागणी आणि पैसे, आणि ठरल्या दिवशी कोणाच्या तरी हॉलमध्ये माल येऊन पडायचा. मध्ये तूरडाळीचं पोतं, बाजूला काटा, एक मापून देतेय, दुसरी यादीवर खूण करतेय. माल ठोक भावाच्या जवळपास, पण पैसे आधी द्यायचे. म्हणजे ही सोय वाण्याच्या खात्यातून सुटलेल्या घरांची. नोकरदार मध्यमवर्गात ती रुजली ती त्यामुळेच.

18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. भिशी, खानावळ, वाण्याची वही, गाववाल्याचे हातउसने या सगळ्या सोयी चालतात त्या अडचण आळीपाळीने येते म्हणून. आज माझी, उद्या तुझी. इथे अख्ख्या चाळीची एकाच दिवशी आली. वाण्याने खाती बंद केली, कारण त्यालाही ठोक व्यापाऱ्याचे द्यायचे होते. खानावळवालीकडे जेवणारे गावी निघून गेले. भांडी मोडीत गेली, डोरलं गहाण पडलं. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईहून गावाकडे मनीऑर्डर जात होती. आता गावाहून तांदळाचं गाठोडं इकडे येऊ लागलं. ज्यांची गावाकडची जमीन शाबूत होती, त्यांना तेवढा तरी आधार मिळाला.

संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो लांबत गेला तोवर बायका बाहेर पडल्या होत्या, धुणीभांडी, पोळ्या लाटणं, शिवणकाम, मिळेल त्या कामाला. गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन 1959 मध्ये पापडाचा उद्योग सुरू केला होता, तोच लिज्जत. तिथली एक पद्धत गिरणीच्या बरोबर उलटी होती. सकाळी पीठ घरी न्यायचं, दुसऱ्या दिवशी लाटलेले पापड वजन करून द्यायचे आणि लाटणावळ तिथल्या तिथे रोख घेऊन यायची.